मारुतीच्या बापाच्या गावी

माझे आजोबा वाऱ्याला ‘मारुतीचा बाप’ म्हणायचे. औरंगाबादजवळच्या हर्सूलला आमचं खळं होतं आणि रब्बीची ज्वारी मळून झाली की ते सूप घेऊन तिव्यावर चढत. तिवा म्हणजे तीन पायांची उंच लाकडी घडवंची. तिच्यावर उभा राहिला की साधा कुणबीसुद्धा कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांसारखा दिसू लागतो. खालून आजी भरलं सूप वर द्यायची, आजोबा ते खांद्याच्या उंचीला धरून हलकेच कलवायचे. जड दाणा सरळ पायाशी पडायचा आणि भूस वाऱ्याचं बोट धरून निघून जायचं. हे सगळं वारा असेल तर. नसेल तर आजोबा नुसते उभे राहायचे. हातात सूप, पायाखाली तिवा, नजर मावळतीकडे. एस.टी.ची वाट बघणारा माणूसही इतक्या निष्ठेने उभा राहत नाही, कारण एस.टी.ला निदान वेळापत्रक नावाची एक अफवा तरी असते. बराच वेळ गेला की आजोबा बारीक शीळ घालायचे. शिळेने वारा येतो, अशी त्यांची समजूत. तरीही नाही आला, तर मग नात्यातल्या माणसाला मारावी तशी मोकळी हाक: “मारुतीच्या बापा, ये की रं आता! दिस बुडाया लागला.” कधी तो येई, कधी येत नसे. नाही आला तर आजोबा खाली उतरत आणि त्याच्या गैरहजेरीबद्दल एक अक्षरही वावगं बोलत नसत. उद्याही त्याच्याशीच गाठ होती.

मागच्या मे महिन्यात मी या मारुतीच्या बापाच्या घरी चार दिवस राहून आलो. झालं असं, की लेक-जावई नेदरलँड्सला असतात आणि हर्सूलचा मे महिना सासऱ्याला सोसवत नाही, असं जावयाने परस्पर ठरवलं. त्या देशाच्या नकाशात वरच्या टोकाला, समुद्रात, माळ तुटून मणी ओघळावेत तशी बेटं सांडलेली आहेत. त्यातला पहिला आणि सगळ्यांत थोरला मणी म्हणजे टेक्सेल. लिहिताना टेक्सेल, बोलताना ‘टेसल’. डेन हेल्डर नावाच्या गावाहून मोठी दुमजली बोट निघते आणि वीस मिनिटांत पलीकडे सोडते. बेटावरच्या लोकांनी 1907 साली जुन्या बोटवाल्याच्या भाड्याला कंटाळून स्वतःच वर्गणी काढली, समभाग घेतले आणि आपली बोट सुरू केली. ती कंपनी आजही त्यांचीच आहे. या बोटीची एक गंमत आहे. तिचं तिकीट फक्त मुख्य भूमीवरून निघताना लागतं आणि जाण्याच्या तिकिटातच परतीचं धरलेलं असतं. बेटावरून निघताना कोणी काही विचारत नाही. आलेला माणूस परत जाणारच, हे त्यांनी गृहीतच धरलेलं आहे. लेकीने मला हे हसत हसत सांगितलं, मीही हसलो. दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर तिचं तिकीट मी हातात धरून पाहिलं होतं. तेही परतीचंच होतं.

बेटावर फिरायचं ते सायकलने, असा तिथला रिवाज. ठायी ठायी आकड्यांचे खांब आहेत. या आकड्यावरून त्या आकड्याकडे जायचं, हरवायची सोय नाही. मी सायकलीला घाबरणाऱ्यांतला नव्हे. हर्सूलला तासाच्या भाड्याने सायकल मिळायची तेव्हापासून माझा तिच्याशी घरोबा आहे. दांडीखालून पाय घालून आधी कात्री, मग नळीवरून हाफ पायडल, मग सीटवर बसून फुल पायडल, अशा तिन्ही परीक्षा मी क्रमाने दिलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या गुणपत्रिका गुडघ्यांवर अजून वाचता येतात. पुढे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मी रोज हर्सूलहून शहरात सायकलने गेलो. तुरुंगाची लांबलचक भिंत डावी-उजवीकडे सोबत करायची, मग सलीम अली सरोवरावरून गार झुळूक यायची, मग दिल्ली दरवाजा. माणसाच्या आयुष्यात काय काय असू शकतं, त्याचा आराखडाच त्या एका रस्त्यावर मांडलेला होता.

पण टेसलच्या सायकलीने माझ्या ज्येष्ठतेचा मान राखला नाही. एक तर ती लोकं ताडामाडासारखी उंच. सीट होता होईल तेवढी खाली घेतली तरी माझे पाय जमिनीला नुसते नमस्कार करत होते. दुसरं म्हणजे तिला दांड्यावर ब्रेकच नाही. पायडल उलटं फिरवलं की ती थांबते. आता, मला उभ्या आयुष्याची सवय अशी की विचारात पडलो की पायडल उलटं फिरवायचं. हर्सूलच्या उतारावर सायकल आपली चाललेली, मी पायडल मागे मागे फिरवतोय, साखळी कटकट वाजतेय आणि त्या तालावर जुन्या गोष्टी आठवतायत. माझं निम्मं चिंतन असंच झालेलं आहे. इथे जुनं काही आठवायला गेलो की सायकल जागच्या जागी उभी! पहिल्या दिवशी मी चार वेळा आठवणीत रमलो आणि चारही वेळा मागून येणाऱ्यांनी घंटा वाजवून मला वर्तमानात आणलं.

आमच्या हिने शाळा सुटल्यावर सायकलला हात लावलेला नव्हता. म्हणून जावयाने तिच्यासाठी तीन चाकांची, विजेवर चालणारी सायकल घेतली. साडीवर लेकीचा जाडजूड कोट, डोक्याला मफलर, पायात नातीने निवडलेले पिवळे बूट, अशा थाटात ही त्या तिचाकीवर विराजमान झाली आणि निघाली. माझ्या डोळ्यांसमोर एकदम तिवा आला. तीन पायांवर बसलेल्या माणसाला एक वेगळंच स्थैर्य येत असावं. मी वाऱ्याशी झुंजत, छातीचा भाता करून, अर्धउभा राहून पायडल मारतोय, आणि बाजूने ही, भाजी निवडायला बसल्यासारखी निवांत, सर्रकन पुढे जातेय. जाता जाता म्हणाली, “अहो, सावकाश या. घाई कसली आहे?” चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य नेहमी मीच तिला म्हणत आलो होतो.

वारा म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. हर्सूलला वारा पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो, जातो. इथे तो घरमालक आहे आणि आपण भाडेकरू. उत्तरेला निघालं की तो उत्तरेकडून येतो. वळून परत निघालं, की आता पाठीशी असेल या आशेवर आपण असतो, तर तोही वळून पुढे येऊन उभा. जावयाने सांगितलं की या देशात समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची रीतसर स्पर्धा होते. 2013 साली ती सुरू झाली. गिअर नसलेल्या साध्या सायकली आणि समुद्रातल्या धरणावरचा साडेआठ किलोमीटरचा रस्ता. तारीख आधी ठरत नाही. वादळ येणार असं हवामानखात्याने सांगितलं की मग तीन-चार दिवस आधी पुकारा होतो. मला आजोबांची आठवण झाली. वाऱ्याची वाट बघत उभं राहणारी माणसं जगात इतरत्रही आहेत तर. फरक इतकाच की यांना तो अंगावर हवा असतो.

बेटावरची झाडं एकाच बाजूला भांग पाडल्यासारखी ईशान्येकडे झुकलेली आहेत. माळरानात मध्येच अर्धं घर दिसतं. एका बाजूला सरळ उभी भिंत आणि नैर्ऋत्येकडून छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं. पंगतीकडे पाठ करून बसलेल्या रुसक्या व्याह्यासारखं ते वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं असतं. आत मेंढरांचा चारा असतो आणि मेंढरं बाहेर, त्याच्या आडोशाला. मेंढरं तिथे उदंड. जवळजवळ माणसाला एक पडावं इतकी. आणि हो, बेटावर एक डोंगरही आहे. त्याचं नावच मुळी ‘होखं बेर्ख’, म्हणजे उंच डोंगर. उंची पंधरा मीटर. देवगिरी रोज क्षितिजावर बघत वाढलेल्या माणसाला हे ऐकून जे हसू येतं ते मी दाबलं नाही. आमच्याकडे पंधरा मीटरला डोंगर काय, टेकडीसुद्धा म्हणत नाहीत. ‘जरा चढ आहे’ म्हणतात. मग वारा समोर घेऊन मी त्या उंच डोंगरावर सायकलने चढलो. निम्म्यावर उतरलो. उरलेला डोंगर हातात सायकल धरून पायी सर केला आणि माथ्यावर पोचल्यावर त्या नावाबद्दलचे माझे सगळे आक्षेप मनातल्या मनात मागे घेतले.

या डोंगराच्या आसपास काही जुन्या विहिरी आहेत आणि त्यांची गोष्ट ऐकून मी बांधावर बसूनच राहिलो. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडे निघायच्या आधी या बेटाच्या पूर्वअंगाला नांगर टाकून थांबत. कशासाठी? तर वाऱ्यासाठी. अनुकूल वारा सुटेपर्यंत बाहेर पडता येत नसे. दिवस जात, आठवडे जात, कधी त्याहून जास्त. शेकडो खलाशी, पोटात सोनंनाणं घेऊन उभी असलेली जहाजं, हाती दुर्बिणी घेतलेले कप्तान, आणि सगळ्यांची नजर आभाळाकडे! तोवर प्रवासासाठी पाण्याची पिंपं भरून घेतली जात, ती या विहिरींवरून. त्या पाण्यात लोहाचा अंश असल्याने ते फार दिवस टिकत असे, आणि पाणी विकून आलेला पैसा बेटावरच्या अनाथाश्रमाला जाई. औडेस्खिल्ट या बंदरगावातल्या संग्रहालयात त्या थांबलेल्या जहाजांचा एक प्रचंड देखावा मांडलेला आहे. डोलकाठ्यांचं रानच. मी त्यात आजोबा शोधत होतो. यातलंच एखादं जहाज सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याच्या वखारीला पोचलं असेल. म्हणजे ज्या वाऱ्यासाठी ते खलाशी इथे थांबले, तोच पुढे त्यांना कोकणात घेऊन आला आणि मग घाट चढून, उरलासुरला, दमलेला, मार्च महिन्यात हर्सूलच्या खळ्यावर आला. आजोबांकडे पोचेपर्यंत त्याला उशीर का व्हायचा, त्याचा उलगडा मला पासष्टाव्या वर्षी झाला.

उत्तरेकडे सायकल हाणताना एक जुनी पवनचक्की लागली. पीठ दळणारी नव्हे, पाणी उपसणारी. समुद्राकडून मिळवलेल्या सखल जमिनीत साचलेलं पाणी वाऱ्याच्या जोरावर वर उचलायचं आणि बाहेर टाकायचं, एवढंच तिने आयुष्यभर केलं. मला तिच्यापुढे उभं राहून उगाच आपल्या पाणचक्कीची बाजू मांडावीशी वाटली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ती पाणचक्की. तिच्या नहरीचं पाणी आमच्याच अंगाने जातं. हर्सूलच्या नदीला एक ओढा मिळतो, त्याच्या जरा वरच्या विहिरीतून निघून, खापराच्या नळांतून जमिनीखालून चालत ते शहरात पोचायचं, उंच भिंतीवरून कोसळायचं आणि जातं फिरवायचं. आम्ही पाण्याला बोलावून आणलं आणि पीठ दळून घेतलं. यांनी वाऱ्याला कामाला लावलं आणि पाणी हाकलून दिलं. आम्ही उपणणारे, हे उपसणारे. दोन शब्दांत एका अक्षराचं अंतर, आणि त्या अंतरात अर्धी पृथ्वी बसते. आठवड्याने एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावचा मी, पाणी फेकून देणाऱ्या यंत्रासमोर उभा राहिलो आणि मला राग येईना. तिचं पातं न् पातं झिजलेलं होतं. कष्ट तेवढेच होते. फक्त उलट्या दिशेने.

तिसऱ्या दिवशी सायकली बांधाच्या पायथ्याशी लावून आम्ही पायी निघालो. वाळूच्या टेकड्यांची रांग बेटाच्या पश्चिमेला तटबंदीसारखी उभी आहे आणि एके ठिकाणी त्या तटाला खिंड आहे. त्या जागेला म्हणतात स्लुफ्टर. एकोणिसाव्या शतकात लोकांनी तिथे वाळूचा बांध घालून समुद्राला वाट बंद केली होती. समुद्राने काही वर्षांतच बांध फोडला. पुन्हा बुजवायचे प्रयत्न झाले, ते टिकले नाहीत, आणि शेवटी या लोकांनी, ज्यांचा सगळा देशच बांधांवर उभा आहे, इथे हात टेकले. आता भरतीचं पाणी त्या खिंडीतून आत येतं, वळणावळणाने हिंडतं, खारट गवतात घटकाभर रेंगाळतं आणि परत जातं. अख्ख्या बेटावर मला सर्वांत आवडलेली जागा हीच. घरातही एखादी खिडकी अशी असते, जी कितीदा दुरुस्त केली तरी नीट लागत नाही, आणि मग आपण तिच्यापाशीच खुर्ची टाकून बसायला लागतो.

टेकडीच्या माथ्यावर मी उभा राहिलो. असा वारा मी जन्मात पाहिला नव्हता. तो कानात शिरून डोक्यातले जुने कागद उडवत होता. टोपी सांभाळायची म्हणून हातात घेतली आणि कोण जाणे काय वाटलं, ती पालथी न धरता उताणी धरली, खाली वाकून ओंजळभर वाळू तिच्यात घेतली, खांद्याच्या उंचीला नेली आणि हलकेच कलवली. वाळू सगळीच्या सगळी उडून गेली. पायाशी काही पडलं नाही.

“आबा, काय करताय?” नात ओरडली. त्या वाऱ्यात बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

“उपणतोय.”

“म्हणजे काय?”

मी लेकीकडे पाहिलं. लेकीला तो शब्द ठाऊक होता, पण तिनेही खळं पाहिलेलं नव्हतं. ती तिच्या मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी समजावत राहिली. बराच वेळ समजावत होती. एका शब्दाला इतकी वाक्यं लागली म्हणजे त्या भाषेत तो शब्द नसावा, किंवा असूनही आता कोणी वापरत नसावं. आपल्याकडे तरी आता कोण वापरतो? खळ्यावर मळणीयंत्र येतं, त्याच्या पोटात पंखा असतो, दाणा एकीकडून आणि भूस दुसरीकडून बाहेर पडतं, आणि मारुतीच्या बापाला कोणी बोलावत नाही. आजोबांकडे सुपभर दाणे होते, वारा नव्हता. माझ्याकडे जगभराचा वारा होता आणि सुपात घ्यायला काही नव्हतं. नातीने मात्र तो खेळ उचलला. ओंजळ ओंजळ वाळू उडवत ती टेकडीभर पळत सुटली आणि प्रत्येक ओंजळीला “उप-ण-तोय” म्हणत राहिली. मुलीने ‘उपणतेय’ म्हणायचं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. शब्द बोटीतून उतरून बेटावर आला होता. व्याकरण मागच्या फेरीने येईल.

शेवटच्या रात्री एक फजिती झाली. आम्ही उतरलो होतो त्या लाकडी घराच्या खिडकीला कुठेतरी फट होती आणि वारा तिच्यातून बारीक, लांबलचक शीळ घालत होता. मी गाढ झोपेत होतो. ती शीळ कानावर पडली आणि मी ताडकन उठून बसलो. “अगं, पाणी आलं!” ज्या गावी नळ आठवडाभर कोरडा असतो, तिथे पाणी येण्याआधी नळातून नुसती हवा येते, आणि ती अशीच शीळ घालत येते. ती ऐकून आमची सगळी आळीच्या आळी जागी होते. हीसुद्धा तशीच झोपेत उठली, अंधारात मफलर खोचला आणि बादली शोधायला न्हाणीघराकडे गेली. दिवा लावल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चारी बाजूंनी समुद्र, मध्ये आम्ही दोघं, आणि हिच्या हातात कचऱ्याची रिकामी टोपली. ही आधी हसली. मग आम्ही दोघंही पलंगाच्या काठावर बसून, लेकीची झोप मोडू नये म्हणून तोंडावर हात धरून हसत राहिलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हर्सूलला परतलो. पाऊस नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं, “काय हो, पाणी होतं का तिकडं?” मी म्हटलं, “होतं. फेकून देत होते.” त्यांना ती थट्टा वाटली. रात्री वीज गेली. अंगणात बाजेवर पडलो, पंखा म्हणून वर्तमानपत्राची पुरवणी हातात घेतली आणि ती हलवता हलवताच डोळा लागला. पहाटे कधीतरी लांबून शीळ ऐकू आली. झोपेतच मला बरं वाटलं. खिडकीची फट, खाली वळणावळणाने आत आलेलं पाणी, टेकडीवरून पळणारी नात. गार लागेल म्हणून मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि मारुतीच्या बापाला मनातल्या मनात म्हटलं, “ये.”

“अहो, उठा,” ही म्हणाली. “पाणी आलंय.”

त्या खेपेला पाणी सातव्या दिवशी आलं होतं. पाऊण तास टिकलं.